समुद्रातली वाट, पठारावरची वाट

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्र बघायचा तर मुंबई नाही तर कोकण गाठायचे. माझ्या आजोबांनी, म्हणजे दादांनी, आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला आणि एकदम पुरता पाहिला. 1974 साली ते हजला गेले ते मोगल लाइनच्या जहाजाने. बीड शहराला तेव्हा रेल्वे नव्हती (ती आली 2025 च्या सप्टेंबरात), म्हणून एस.टी.ने नगर, तिथून मुंबई, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, आणि मग जहाज. जहाजाने हजला जाणे 1995 नंतर बंद झाले, म्हणून आमच्या घरात समुद्राची गोष्ट सांगणारे दादा पहिले आणि शेवटचे. ते वारले तेव्हा मी सातवीत होतो. त्यांचे एक वाक्य घरात अजून बोलले जाते : "समंदर में रास्ता नजर नै आता, मगर रहता."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवतो. आमचे गाव बालाघाटच्या पठारावर आहे. गेल्या काही वर्षांत पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाटोदा, बीड, केज, जिकडे उंच माळ तिकडे त्या दिसतात. सातारकडे वनकुसवडे, चाळकेवाडीला त्या नव्वदीच्या दशकातच आल्या होत्या. आमच्याकडे उशिरा आल्या, पण आल्या त्या आकाराने मोठ्या. एकेका पात्याची लांबी साठ-सत्तर मीटर. पाते आणणारा ट्रेलर वळणावर अडकला की अर्धा दिवस रस्ता बंद. पहिल्यांदा अख्खे गाव बघायला गेले होते. आता कोणी मान वर करत नाही. फरक इतकाच पडला की रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चाँद बघायला मुले टेकडीवर चढतात, तेव्हा क्षितिजावर आधी लाल दिवे लुकलुकतात आणि चाँद त्यांच्यामधून शोधावा लागतो.

वर्गात पवनचक्की शिकवताना पहिली अडचण शब्दाची येते. आमच्या मुलांनी औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पनचक्की सहलीत पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ती चक्की पाण्यावर चालायची आणि अठराव्या शतकातली आहे. पनचक्की आणि पवनचक्की यांत फक्त एका अक्षराचा फरक. दरवर्षी दोन-तीन पेपरांत पवनचक्कीच्या उत्तरात पाण्याचा हौद येतोच. मी अर्धा गुण देतो, कारण मुद्दा तोच आहे. वाहते काही तरी आहे, ते फिरवून कामाला लावायचे. वाऱ्याची चक्की आपल्या लोकांना नवी नाही, हेही मी मुलांना सांगतो. दहाव्या शतकात मसूदीने सिस्तानचे वर्णन करताना तो वाळूचा आणि वाऱ्याचा मुलुख आहे, तिथे वारा चक्क्या फिरवतो, असे लिहून ठेवले आहे. खुरासानात नश्तीफान येथे मातीच्या भिंतींत उभ्या लाकडी फळ्यांच्या जुन्या चक्क्या अजूनही आहेत. त्यांचा आस उभा असतो, आमच्या पठारावरच्या चक्क्यांसारखा आडवा नसतो.

दुसरी अडचण म्हणजे ढग. पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, असे गावोगावी बोलले जाते. सातारा-सांगलीकडेही वीस वर्षांपूर्वी हीच ओरड होती. मुले घरी ऐकतात आणि वर्गात विचारतात. मी उलटा प्रश्न टाकतो. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा पवनचक्की कुठे होती? मग नकाशा टांगतो. जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्री चढताना कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततो, आणि पलीकडे उतरून आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला फारसे उरलेले नसते. आमच्या वाट्याला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. पाऊस कोकणाला आणि वारा आम्हाला, अशी ही वाटणी फार जुनी आहे. कंपन्या इथे आल्या त्या त्या वाऱ्यासाठी.

हाच वारा समुद्रावर काय करतो, ते मला एका वेगळ्याच माणसाकडून कळले. बी.एड.ला माझ्या खोलीत रत्नागिरीकडचा एक मित्र होता. त्याचे थोरले भाऊ खलाशी. कोकणातल्या आपल्या लोकांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. नाखवा हा मराठी शब्द फारसी नाखुदावरून आला, खलाशी अरबीतून आला, सुकाणूही तिकडचेच. मोसम तर थेट अरबी. शिडाच्या जहाजांना कोणत्या वाऱ्याने कधी निघायचे, त्या ठरलेल्या वेळेला अरब दर्यावर्दी मौसिम म्हणत आणि इंग्रजांनी त्याचाच मॉन्सून केला. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिदने 'किताबुल फवाइद' या ग्रंथात हे वारे आणि तारे बारकाईने मांडले आहेत. त्याने 1498 मध्ये वास्को द गामाला कालिकतची वाट दाखवली असे आम्हाला शाळेत शिकवले होते. आजचे बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. मला ते बरे वाटते. वाट दाखवणारा म्हणून त्याची किंमत त्या एका सफरीवर ठरू नये.

तर हे भाईजान. युरोपच्या उत्तर समुद्रात पवनचक्क्यांवर तंत्रज्ञांना नेण्या-आणण्याच्या बोटीवर ते काही वर्षे होते. समुद्रात पवनचक्क्या असतात हे मला तोवर पुस्तकात एका ओळीपुरते माहीत होते. पहिल्या अशा पवनचक्क्या डेन्मार्कने विंडेबी येथे 1991 मध्ये उभारल्या, एकूण 11. 2017 मध्ये त्या काढूनही टाकल्या. आयुष्य संपले होते. आता उत्तर समुद्रात त्यांची जंगले झाली आहेत. आपल्याकडे 2015 मध्ये धोरण आले. 2024 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापुढे प्रत्येकी 500 मेगावॅटसाठी मिळून 7453 कोटींची मदत मंजूर केली. उभ्या राहतील तेव्हा राहतील.

भाईजान सुट्टीवर आले असता मित्राच्या घरी मी दोन दिवस होतो. मी वीज, पगार, थंडी असे विचारत होतो. ते मात्र शिडाच्या नौकांबद्दल बोलत राहिले. तिकडे हौसेने शीड लावून समुद्रावर फिरणारे लोक पुष्कळ. त्यांना यॉटवाले म्हणतात. पूर्वी ज्या पाण्यातून ते सरळ जात, तिथे आता शे-दोनशे खांब उभे. मग प्रश्न आला : यांनी मधून जायचे की वळसा घालायचा?

ब्रिटनमध्ये सरसकट बंदी नाही. बांधकाम चालू असताना 500 मीटर दूर राहायचे, चालू झाल्यावर आपल्या जबाबदारीवर मधून जाता येते. बेल्जियमने आपल्या पवनचक्क्यांमधून जाणे बंदच ठेवले. हॉलंडमध्येही बंद होते. 2018 पासून त्यांनी काही ठिकाणी 24 मीटरपर्यंतच्या नौकांना वाट मोकळी केली, पण अटी घालून : दिवसाउजेडीच जायचे, रेडिओ चालू ठेवायचा, आपली जागा कळवणारे यंत्र चालू ठेवायचे, खांबापासून 50 मीटर अंतर राखायचे, आणि मध्ये नांगर टाकायचा नाही, कारण तळाशी विजेच्या तारा आहेत.

हे वर्गात सांगताना एक गंमत झाली. नांगर टाकायचा नाही म्हटल्यावर मुले हसायला लागली. समुद्रात नांगर कशाला? आमच्या मुलांचा नांगर जमिनीतला. उर्दूत लंगर म्हटले तर त्यांना आठवते खाण्याचे लंगर. शेवटी फळ्यावर चित्र काढले.

मग मी गणित घातले. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे पात्याचे खालचे टोक भरतीच्या पाण्यापासून किमान 22 मीटर वर असावे लागते. बारा मीटर लांबीच्या नौकेची डोलकाठी पाण्यापासून साधारण 18 मीटर उंच. मध्ये किती जागा उरली? सगळ्यांनी चार मीटर सांगितले. ओहोटीला जास्त की कमी, यावर वर्ग दुभंगला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ऊसतोड कामगाराची मुलगी, आठवीत. ती म्हणाली, "सर, पंखा पैले हवा ले लिया तो बादबान को क्या मिलता?"

मी बारा वर्षे शिकवतो आहे, इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित येतो. भाईजाननी नेमके हेच सांगितले होते. पवनचक्कीच्या मागे वारा पडतो आणि गढूळ होतो. वरून फिरणाऱ्या पात्याने त्याची ताकद काढून घेतलेली असते, उरतो तो गोंधळलेला वारा. शीड एकदम ढिले पडते, फडफडते, नौका मधेच मंदावते आणि लाटा तिला खांबाकडे ढकलू लागतात. म्हणून शहाणा नाखवा मधून जाताना इंजिन तयार ठेवतो आणि खांबाच्या वाऱ्याकडच्या बाजूने नाही, तर पुरेसा दूर राहून जातो. आंधळेपणाने शिडावर भरवसा ठेवून जाणारा फसतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला सर्वांत जास्त आवडली. समुद्रातल्या प्रत्येक खांबाचा पायथा पिवळा रंगवलेला असतो, कोपऱ्यांवरच्या खांबांवर पिवळे दिवे लुकलुकतात आणि ते काही मैलांवरून दिसावेत असा नियम आहे. शिवाय प्रत्येक खांबावर मोठ्या अक्षरांत त्याचा क्रमांक. रात्री तोही उजळलेला. धुक्यात एखादा यॉटवाला हरवला, तर त्याने जवळच्या खांबाचा क्रमांक वाचून रेडिओवर सांगायचा. तटरक्षकांना तो कुठे आहे हे लगेच कळते. म्हणजे जो खांब अडथळा आहे, तोच पत्ता सांगतो. आणि 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेले आहे की यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी. अरुंद खाडीत किंवा ठरलेल्या मोठ्या मार्गावर याला अपवाद आहेत. पण मोकळ्या पाण्यात सामान्य नियम तो. दुबळ्याला आधी वाट.

आमच्या पठारावर हा नियम कोणी केलेला नाही.

आमच्या शाळेला चार किलोमीटरवरच्या एका वस्तीवरून पाच मुली येत. वाट जुनी, दोन शेतांच्या बांधांमधली पाणंद. बैलगाडी जाईल एवढी. त्या वस्तीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच बाजाराला, मशिदीला आणि कबरस्तानला आले. 2024 च्या जुलैत एका कंपनीने माळावर रुंद मुरमाचा रस्ता केला. रस्ता चांगला झाला, यात वाद नाही. पावसात आमची मोटारसायकल पूर्वी रुतायची, ती रुतायची बंद झाली. पण त्या रस्त्याने पाणंद मधोमध कापली आणि तिथे साखळी लावली. आत यंत्रे आहेत, चोऱ्या होतात, तारा जातात, म्हणून. तेही खोटे नव्हते. रखवालदार आमच्याच भागातला पोरगा. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "सर, माझ्या हातात काय आहे? वरून सांगितलंय, कुणाला सोडायचं नाही." त्याला महिन्याला जो पगार मिळत होता, त्यात त्याच्याशी भांडणे मला शोभले नसते.

मग मुलींना वळसा. मोठ्या रस्त्याने सात किलोमीटर. त्या रस्त्यावर खडीचे डंपर, आणि दिवाळीनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. वळणावर ट्रॉलीचे मागचे चाक कुठे जाते हे ड्रायव्हरलाही दिसत नाही. एका मुलीच्या अम्मीने निरोप धाडला, "सर, अब नक्को. पढना बहुत हुआ." दुसऱ्या घरातून काहीच आले नाही, फक्त मुलगी आली नाही. ऑगस्टअखेर पाचांपैकी दोनच येत होत्या. शिडाचा प्रश्न विचारणारी मुलगी न येणाऱ्या तिघींत होती.

मी शिक्षक आहे, वकील नाही. पण एका माजी तलाठ्याने मला दोन कायदे सांगितले. जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 बांधावरून वाटेचा हक्क देते. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार तहसीलदाराला देते; फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा. वाचकांपैकी कुणाच्या गावी असे झाले असेल तर हे सहा महिने लक्षात ठेवावेत, बऱ्याच जणांचा हक्क तिथेच बुडतो. मात्र हे कायदे शेताच्या वाटेबद्दल बोलतात, शाळेच्या नाही. त्यामुळे अर्ज मुलींच्या नावाने करून चालेना. वस्तीवरच्या तीन शेतकऱ्यांच्या नावाने केला : आमचे बैल, आमच्या गाड्या, आमचे खत. मुलींचा उल्लेख कुठेच नाही. ऑक्टोबरात अर्ज गेला.

मग डिसेंबर आला. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागण्यात आली होती आणि खुनामागे तेच कारण होते, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. त्याच्या तीन दिवस आधी त्या प्रकल्पावरच्या रखवालदाराला मारहाण झाली होती आणि सरपंच त्याच्यासाठी धावून गेले होते. त्या महिन्यात आमच्या भागात पवनचक्की हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारू लागले. अर्ज करणाऱ्या तिघांपैकी एक जण रात्री माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मास्टर, मेरा नाम निकाल देव. बच्चे छोटे हैं." मी त्याला काही समजावले नाही. चहा दिला. तो बराच वेळ बसला आणि नाव तसेच ठेवून गेला. अम्मी मलाही म्हणाली की तुझी नोकरी शिकवायची आहे. तिचे म्हणणे चूक नव्हते.

जानेवारीत मंडळ अधिकारी आले, पंचनामा झाला, जुन्या नकाशावर पाणंद निघाली. कंपनीच्या साहेबाने नकाशा नाकारला नाही. त्याची अडचण सुरक्षेची होती आणि ती त्याने नीट मांडली. मी त्याला समुद्रातल्या अटी सांगितल्या : दिवसा जायचे, ठरलेल्या वाटेने जायचे, खांबाजवळ जायचे नाही. तो मेकॅनिकल इंजिनिअर होता, त्याने हसून विचारले, "सर, तुम्ही यॉट चालवता का?" मी म्हटले, सायकल. पण त्याने ते मनावर घेतले असावे, किंवा तहसीलच्या कागदाने घेतले असेल. 2025 च्या जूनमध्ये साखळीच्या बाजूला माणूस आणि बैलगाडी जाईल एवढी फट ठेवली गेली. सकाळी साडेनऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच रखवालदाराने साखळी काढायची, असे तोंडी ठरले. लेखी काही नाही. मी मागितले होते.

एक गोष्ट मी स्वतःच केली. शाळेच्या रंगकामातून उरलेला पिवळा रंग होता. रखवालदाराला विचारून मुलींच्या वाटेवरच्या चार दगडांना तो लावला आणि त्यांवर उर्दूत व मराठीत 1 ते 4 आकडे घातले. धुके आमच्याकडे फारसे पडत नाही. पण मुलगी कुठे अडली, तर फोनवर दगडाचा आकडा सांगता येतो. भावाकडे, चाच्याकडे फोन असतो. एका आईने तेवढ्यावर मुलगी पाठवली.

तीन गेल्या होत्या, त्यांतली एक अशी परत आली. दुसरीचे लग्न ठरले. तिसरी, बादबानवाली, ऑक्टोबरात आई-बापाबरोबर उसाच्या फडावर गेली. तिच्या बापाला मी विचारले, तर तो म्हणाला, मागे वस्तीवर हिला कोणाजवळ ठेवू? वाट मोकळी झाली, पण घर बंद होते. ते एप्रिलमध्ये येतात. तिचे नाव नववीच्या हजेरीपटात आहे.

सध्या वाटेने चार नव्हे, तीन मुली येतात. पावसाळ्यात वारा चढला की पात्यांचा घूं-घूं आवाज चालू होतो, त्यांना आता त्याचे काही वाटत नाही. रखवालदार बदलला, नव्याला पुन्हा सगळे सांगावे लागले. आता रमजान जवळ येतो आहे. रमजानमध्ये आमची शाळा सकाळची होते, मुली आठच्या आत निघतात आणि साखळी साडेनऊला निघते. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागेल. तो मी लिहायला घेतला आहे. या वेळी मुलींचा उल्लेख पहिल्याच ओळीत.